नागपुरात हेलिकॉप्टर बनणार म्हणे, पण ते उडवायला शिकायचं कुठे?

१७ जुलै २०२४. आषाढी एकादशीचा दिवस. नागपूरहून एक हेलिकॉप्टर गडचिरोलीच्या दिशेने निघालं. आत होते तेव्हाचे दोन्ही उपमुख्यमंत्री, देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार, सोबत उद्योगमंत्री उदय सामंत. निमित्त होतं गडचिरोली जिल्ह्यातल्या पोलाद प्रकल्पाच्या भूमिपूजनाचं. निघताना सगळं ठीक होतं. पुढे ढग लागले आणि काही वेळ खिडकीबाहेर ढगांशिवाय काही दिसेना. त्याच कार्यक्रमातल्या भाषणात पवारांनी हा अनुभव सांगितला. आपण पांडुरंगाचा धावा करत होतो, असंही ते म्हणाले. भाषणाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं होतं, विषय संपला.

त्याच दिवशी त्याच जिल्ह्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ वांडोलीच्या जंगलात पोलिस आणि माओवाद्यांची चकमक झाली. १२ माओवादी मारले गेले. जखमी पोलिसांना उपचारासाठी नागपूरला हलवावं लागलं.

मंत्री असोत की जखमी जवान, नागपूर आणि गडचिरोली यांच्यामधल्या आकाशात हेलिकॉप्टर ही रोजच्या कामाची गोष्ट आहे. त्यात जून २०२५ मध्ये आणखी एक बातमी आली. मॅक्स एरोस्पेस अँड एव्हिएशन या कंपनीने नागपुरात हेलिकॉप्टरचा कारखाना उभारण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. गुंतवणुकीचा आकडा ८,००० कोटी रुपये, टप्पे आठ वर्षांचे, रोजगार २,००० लोकांना. बातमी आली आणि नागपूरकरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज सुरू झाले.

पण नागपुरातल्या बारावी झालेल्या एखाद्या मुलीला उद्या वाटलं की आपण हेलिकॉप्टर बनवायचं नाही, उडवायचं, तर तिने कुठे जायचं? नागपुरात तिला हेलिकॉप्टर शिकवणारं कुणी नाही. तिच्यासाठीचे रस्ते नाशिक, हैदराबाद, बंगळुरू किंवा थेट अमेरिकेकडे जातात. आणि त्यातले फारच थोडे रस्ते साध्या घरातल्या मुलीला परवडणारे आहेत.

हेलिकॉप्टर म्हणजे फक्त नेत्यांची गाडी?

उर्वरित महाराष्ट्राला हेलिकॉप्टर आठवतं ते निवडणुकीच्या सभांमुळे, नाहीतर लग्नाच्या वरातीमुळे. विदर्भाच्या पूर्व टोकाला त्याचा अर्थ वेगळा आहे.

भामरागडचं उदाहरण घ्या. नागपूरहून रस्त्याने हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, दरवर्षीच्या बातम्यांत ते असतंच. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली तर नागपूर ते भामरागड अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत बसतं. हवाई दलाच्या एमआय-१७ सारख्या हेलिकॉप्टरला ते साधारण तासाभराचं काम आहे.

निवडणुकीतही तेच. २०१९ आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोलीच्या दुर्गम भागातल्या मतदान पथकांना हेलिकॉप्टरने केंद्रांजवळ सोडण्यात आलं. शाळेतले शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशी माणसं मतदान यंत्रं मांडीवर घेऊन हेलिकॉप्टरमधून जंगलात उतरतात. अनेकांचा तो आयुष्यातला पहिला हवाई प्रवास असतो.

१३ नोव्हेंबर २०२१ ला मर्दिनटोलाच्या जंगलात झालेल्या चकमकीनंतर जखमी पोलिसांना हेलिकॉप्टरनेच नागपूरला आणण्यात आलं. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले, तेव्हा हवाई दलाच्या दोन एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टरांची मदत मागवावी लागली. नागपुरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, सोनेगावला हवाई दलाचं ठाणं आहे. त्यामुळे संकट आलं की विदर्भाची नजर साहजिकच तिकडे वळते.

हे सगळं काम करणारे पायलट येतात कुठून, हा प्रश्न मात्र कुणाच्या फारसा मनात येत नाही. ड्रायव्हर मिळतो तसा पायलट मिळत असेल, असा एक समज आहे. तो का चुकीचा आहे हे कळायला आधी हेलिकॉप्टर चालवणं म्हणजे काय ते कळावं लागतं.

दोन हात, दोन पाय आणि चौघांना वेगवेगळं काम

विमान स्वभावाने शांत असतं. पायलटने क्षणभर हात सोडले तरी बहुतेक विमानं सरळ उडत राहतात. हेलिकॉप्टरचं तसं नाही. त्याला सोडलं की ते कलायला लागतं.

पायलटच्या डाव्या हाताशी एक दांडा असतो, हँडब्रेकसारखा दिसणारा. त्याला म्हणतात कलेक्टिव्ह. तो वर ओढला की वरच्या पंख्याच्या सगळ्या पात्यांचा कोन एकाच वेळी वाढतो आणि हेलिकॉप्टर वर उचललं जातं. उजव्या हातात असते सायक्लिक नावाची काठी. ती ज्या दिशेला झुकवावी त्या दिशेला हेलिकॉप्टर सरकतं. पायाखाली दोन पेडल असतात, ती शेपटीचा छोटा पंखा सांभाळतात. तो पंखा नसेल तर मोठा पंखा एका दिशेला फिरताना खालचं धूड उलट्या दिशेला गरागरा फिरेल.

खरी गंमत यापुढे आहे. कलेक्टिव्ह उचलला की इंजिनवर ताण येतो, तो आला की धूड वळायला बघतं, म्हणून पेडल दाबावं लागतं. पेडल दाबलं की हेलिकॉप्टर थोडं बाजूला सरकतं, म्हणून सायक्लिक हलवावी लागते. सायक्लिक हलवली की उंची किंचित कमी होते, म्हणून पुन्हा कलेक्टिव्ह. असं ते चक्र चालू राहतं. एका जागी हवेत स्थिर उभं राहणं, म्हणजे होव्हर करणं, बघणाऱ्याला सगळ्यात सोपं वाटतं. शिकणाऱ्याला तेच सगळ्यात जड जातं. सुरुवातीच्या तासांमध्ये एका फुटबॉल मैदानाएवढी जागासुद्धा कमी पडते, कारण हेलिकॉप्टर एका जागी राहायलाच तयार नसतं. मग एक दिवस हातांना ते आपोआप जमायला लागतं. सायकल शिकताना होतं तसंच.

विमानात मुख्य पायलट डावीकडे बसतो, बहुतेक हेलिकॉप्टरांत उजवीकडे. उजवा हात सायक्लिकवर ठेवावाच लागतो, डावा मोकळा झाला तर बटणं आणि रेडिओ हाताळता येतात, असं त्याचं एक कारण सांगितलं जातं.

नागपूरचा मे महिना, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच

नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ३१५ मीटरवर आहे. पण हेलिकॉप्टरला उंची कळते ती हवेच्या दाटपणावरून. हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत पात्यांना पकड कमी मिळते. याला पायलटांच्या भाषेत डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात.

प्रमाण हवामानात नागपूरच्या उंचीवर तापमान १३ अंशांच्या आसपास धरलं जातं. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं, म्हणजे ३२ अंश जास्त. दर अंशामागे सुमारे १२० फूट असा पायलटांचा ठोकताळा असतो. हिशोब केला तर नागपूरच्या भर उन्हात हेलिकॉप्टरच्या लेखी ते जवळपास ४,९०० फुटांवर, म्हणजे दीड हजार मीटरच्या आसपास उडत असतं. महाबळेश्वरची उंची १,३५० मीटरच्या थोडी वर आहे. थोडक्यात, नागपूरकर मेमध्ये ज्या गरमीने हैराण होतात, त्याच गरमीत हेलिकॉप्टर मात्र महाबळेश्वरच्याही वर जाऊन बसलेलं असतं. इंजिन तेच, पंखा तोच, पण वजन उचलण्याची ताकद कमी झालेली.

म्हणून चांगला पायलट उन्हाळ्यात दुपारी जास्तीच्या प्रवाशाला नाही म्हणतो. समोरचा प्रवासी मंत्री असला तरी. म्हणायला हे सोपं आहे, करायला नाही.

२५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच खाली आलं, विजेच्या तारांत अडकलं आणि कोसळलं. सुदैवाने आतले सगळे वाचले. मे महिना, गावातलं तात्पुरतं हेलिपॅड, आजूबाजूला घरं आणि तारा. महाराष्ट्रातल्या कितीतरी हेलिपॅडचं वर्णन असंच करता येईल. शाळेचं मैदान, चुन्याने काढलेला गोल आणि त्यात मोठा एच. पायलटला ती जागा बरेचदा पहिल्यांदा दिसते ती उतरतानाच.

ढगात शिरल्यावर नेमकं काय होतं?

आता पुन्हा त्या एकादशीच्या ढगांकडे. ढगात शिरल्यावर भीती वाटणं साहजिक आहे. पण खरा धोका वेगळा आहे. माणसाला तोल कळतो तो डोळ्यांमुळे आणि कानाच्या आतल्या द्रवामुळे. क्षितिज दिसेनासं झालं की कान खोटं बोलायला लागतात. हेलिकॉप्टर हळूहळू एका बाजूला कललं तरी पायलटला वाटतं आपण सरळ आहोत. मग तो सरळ असलेलं यंत्र 'सरळ' करायला जातो.

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात यावर एक प्रसिद्ध प्रयोग झाला. उपकरणांच्या भरवशावर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना विमानात बसवून बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था केली. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ किती? १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाहीत. आणि हे स्वभावाने शांत असलेल्या विमानाचं. हेलिकॉप्टर तर आधीच कलायला टपलेलं असतं.

८ डिसेंबर २०२१ ला तामिळनाडूत कुन्नूरजवळ हवाई दलाचं एमआय-१७ व्ही५ कोसळलं. त्यात तेव्हाचे सीडीएस जनरल बिपिन रावत यांच्यासह सगळ्यांचा मृत्यू झाला. चौकशीत यांत्रिक बिघाड आढळला नाही. अचानक बदललेल्या हवामानामुळे हेलिकॉप्टर ढगांत शिरलं, पायलटचं दिशेचं भान हरपलं, आणि ताब्यात असलेलं हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं, असा निष्कर्ष होता. २ ऑक्टोबर २०२४ ला पुण्यात बावधनजवळ धुकं असताना उडालेलं हेलिकॉप्टर काही मिनिटांतच कोसळलं. दोन पायलट आणि एक इंजिनिअर गेले. १५ जून २०२५ ला केदारनाथजवळ सात जण गेले, तेव्हाही हवामान खराबच होतं. तिथला पायलट लष्करातून निवृत्त झालेला, अनुभवी अधिकारी होता.

या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. हेलिकॉप्टर पायलटच्या प्रशिक्षणातला सगळ्यात महागडा भाग उडवायला शिकणं हा नाहीच. कधी उडायचं नाही, आणि उडालो असू तर कुठून परत फिरायचं, हे शिकायला वर्षं जातात. ते पुस्तकातून येत नाही. त्यासाठी ढग, ऊन, वारा आणि जवळ बसून कान धरणारा इन्स्ट्रक्टर लागतो.

आणि इंजिनच बंद पडलं तर?

कुणी हेलिकॉप्टर शिकतोय म्हटलं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न हाच असतो. विमान निदान तरंगत खाली येईल, हे दगडासारखं पडेल, असं सगळ्यांना वाटतं.

पडत नाही. माधवीलतेच्या वेलीचं तीन पंखांचं फळ पाहिलं असेल तर लक्षात येईल. ते झाडावरून सुटलं की गरगर फिरत हळू खाली उतरतं. इंजिन बंद पडल्यावर पायलट कलेक्टिव्ह झटकन खाली करतो. मग खालून वर येणारी हवाच पंखा फिरवत ठेवते. जमीन जवळ आली की त्या फिरत्या पंख्यात साठलेली ताकद एकदाच वापरून तो हेलिकॉप्टर अलगद टेकवतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात. संधी एकच मिळते. शिकायला जगभर वापरल्या जाणाऱ्या रॉबिन्सन आर-२२ या छोट्या हेलिकॉप्टरात पंखा हलका असल्यामुळे कलेक्टिव्ह खाली करायला हातात दीड-दोन सेकंदच असतात. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याकडून हे पुन्हा पुन्हा करून घेतलं जातं. इन्स्ट्रक्टर न सांगता थ्रॉटल कमी करतो आणि विद्यार्थ्याच्या हाताकडे बघत बसतो.

यातला सगळ्यात थरारक किस्सा फ्रान्सचा आहे, आणि त्याचा नाशिकशी थेट संबंध आहे. २१ जून १९७२ ला ज्याँ बुले नावाच्या चाचणी पायलटने लामा नावाचं हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेलं. एव्हरेस्टपेक्षा साडेतीन किलोमीटर जास्त. खाली यायला लागल्यावर त्या कडाक्याच्या थंडीत इंजिन विझलं आणि परत सुरू होईना. बुले तिथून ऑटोरोटेशन करत जमिनीपर्यंत आले आणि सुखरूप उतरले.

हे लामा फ्रेंच कंपनीने बनवलं ते मुळात भारतीय लष्कराची गरज डोळ्यांसमोर ठेवून. उंच आणि विरळ हवेत चालणारं हेलिकॉप्टर भारताला हवं होतं. एचएएलने ते परवाना घेऊन इथे बनवलं आणि त्याला नाव दिलं चीता. सियाचीनच्या चौक्यांना सामान पोचवणारं ते हेच. कारगिलच्या लढाईत गुंजन सक्सेना यांनी उडवलं ते हेच. आणि नाशिकरोडच्या लोकांना डोक्यावरून फिरताना दिसणाऱ्या हेलिकॉप्टरांतही चीता असतंच.

नाशिकची शाळा

नाशिकरोडजवळ गांधीनगरला लष्कराचं कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे. आर्मी एव्हिएशन कोअर १ नोव्हेंबर १९८६ ला सुरू झाली, ही शाळा २००३ पासूनची. लष्कराचे हेलिकॉप्टर पायलट इथे घडतात. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक याच शाळेतून बाहेर पडल्या आणि लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर ठरल्या.

हवाई दलाचा रस्ता वेगळा. हैदराबादजवळच्या दुंडीगलला आधी विमानावर प्राथमिक प्रशिक्षण होतं. मग कॅडेट लढाऊ, वाहतूक आणि हेलिकॉप्टर अशा तीन वाटांना लागतात. हेलिकॉप्टरवाले जातात हकीमपेटला. नौदलाची शाळा तामिळनाडूत अरक्कोणमला आहे.

म्हणजे देशात हेलिकॉप्टर शिकवण्याची सगळ्यात भक्कम व्यवस्था गणवेशातली आहे. खासगी कंपन्यांत, राज्य सरकारांकडे किंवा समुद्रातल्या तेलविहिरींवर आज जे पायलट काम करतात, त्यातले बहुतेक याच व्यवस्थेतून निवृत्त होऊन आलेले असतात. गणवेशात वीस वर्षं घालवलेला, हजारो तास उडालेला माणूस कंपनीला आयता मिळतो. मग नव्या मुलांना घडवण्याचा खर्च कोण करणार?

बाहेरून शिकायचं तर

नागरी परवाना, म्हणजे कमर्शियल हेलिकॉप्टर पायलट लायसन्स, डीजीसीए देतं. वय किमान १८, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, वैद्यकीय तपासणी, हवामानशास्त्र, नेव्हिगेशन, नियम आणि तांत्रिक विषयांच्या परीक्षा, रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. आणि किमान १५० तासांचं उड्डाण. सायन्सची ही अट काढण्याची चर्चा २०२५ मध्ये जोरात होती.

कागदावर विमानाच्या २०० तासांपेक्षा हे कमी दिसतं. पण हेलिकॉप्टरचा एक तास विमानाच्या तासापेक्षा बराच महाग पडतो. अमेरिकेत आर-२२ चा तास ३५० डॉलरला पडतो असं धरलं तरी १५० तासांचे ५२,५०० डॉलर होतात. ८५ रुपयांच्या दराने साडेचव्वेचाळीस लाखांच्या घरात. राहणं, जेवण, व्हिसा आणि परत आल्यावर परवाना भारतीय करून घेण्याचा खर्च वेगळा. घर किंवा शेत गहाण ठेवायची वेळ येते ती इथेच.

देशात शिकायचं तर? डीजीसीएची मान्यता असलेल्या फ्लाइंग स्कूल तीन डझनांच्या वर आहेत, पण जवळपास सगळ्या विमानाच्या. नागरी हेलिकॉप्टर प्रशिक्षण म्हटलं की वर्षानुवर्षं नाव येतं ते बंगळुरूच्या एचएएल रोटरी विंग अकॅडमीचं. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या जागेवर पवन हंसची हेलिकॉप्टर प्रशिक्षण अकॅडमी आणि हेलिपोर्ट उभारायचं, अशी योजना दहा-बारा वर्षांपूर्वी गाजली होती. पुढे देशातलं मोठं हेलिपोर्ट झालं ते दिल्लीत रोहिणीला, २०१७ मध्ये. हडपसरची जागा पुणेकर आजही ग्लायडिंग सेंटर म्हणूनच ओळखतात.

नागपूर फ्लाइंग क्लब जुना आहे, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चालतो आणि त्याच्याकडे सेसना विमानं आहेत. चंद्रपूरजवळ मोरव्याच्या धावपट्टीवरही प्रशिक्षण नेण्याचे प्रयत्न झाले. पण हे सगळं विमानाचं.

समजा, कर्ज काढून कुणी परवाना मिळवलाच. तरी गाडी पुढे अडते. देशात नागरी हेलिकॉप्टरं तीनशेच्याही आत आहेत. मोठी कंत्राटं देणारे पायलटकडे आधीच शेकडो, बरेचदा हजाराच्या वर तासांचा अनुभव मागतात. दीडशे तासवाल्याला अनुभव हवा तर नोकरी हवी, आणि नोकरी हवी तर अनुभव हवा. अमेरिकेत हा पेच इन्स्ट्रक्टर बनून सुटतो. नवा पायलट दुसऱ्यांना शिकवत स्वतःचे तास वाढवतो. भारतात शाळाच नाहीत, तर शिकवणार कुठे?

मग कारखान्याचं काय?

नागपूरच्या कारखान्याबद्दल जी माहिती जाहीर झाली, तिचा भर हेलिकॉप्टर तयार करणं, ग्राहकाच्या गरजेनुसार बदल करणं आणि उड्डाण चाचण्या यांवर होता. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या वेमगलला टाटा आणि एअरबस मिळून एच१२५ हेलिकॉप्टरची जोडणी करणार आहेत, पहिलं हेलिकॉप्टर २०२७ च्या सुरुवातीला अपेक्षित आहे. याच कुळातलं हेलिकॉप्टर १४ मे २००५ ला दिदिए देलसाल या फ्रेंच पायलटने एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं होतं. यंत्रं येतील, असं सध्याचं चित्र आहे.

पण कारखान्याच्या कोनशिलेचा फोटो निघतो, शाळेतल्या इन्स्ट्रक्टरच्या पगाराचा निघत नाही. उड्डाण चाचण्या जिथे होतात तिथे हँगर, इंजिनिअर, सुटे भाग, मोकळं आकाश आणि अनुभवी पायलट असतातच. प्रशिक्षण शाळेला लागणाऱ्या अर्ध्याअधिक गोष्टी याच. शिवाय नागपूरचं ऊन, विदर्भाचा पाऊस आणि गडचिरोलीचं जंगल. इथे शिकलेल्या पायलटला भामरागडचे ढग नवे वाटणार नाहीत. करार करतानाच शाळेची अट घातली असती तर सरकारला ती फार महाग पडली नसती. अजूनही उशीर झालेला नाही, कारण सामंजस्य करार आणि प्रत्यक्ष कारखाना यांत महाराष्ट्रात किती अंतर असतं हे मिहानच्या जमिनीकडे वर्षानुवर्षं बघणाऱ्या नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.

तोपर्यंत त्या मुलीने काय करायचं?

पैसे न लागणारा एकच रस्ता आहे, आणि तो एनडीएमधून जातो. यूपीएससीची लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची एसएसबी मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. पायलट व्हायचं तर त्यात आणखी एक चाचणी असते, सीपीएसएस. पडद्यावरचा ठिपका हातापायांनी एकाच वेळी सांभाळायचा, मध्येच दिवे लागतात, आवाज येतात, तेही लक्षात ठेवायचे. वर वाचलेली कलेक्टिव्ह-सायक्लिकची कसरत आठवली असेल तर ही चाचणी कशासाठी ते कळेल. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की सैन्यदलांतल्या पायलटचा दरवाजा कायमचा बंद, बाकी शाखा खुल्या राहतात.

मुलींसाठी एनडीए २०२२ मध्ये उघडलं, आणि ३० मे २०२५ ला खडकवासल्यातून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. मुलांची तयारी करून घेणारी राज्य सरकारची एसपीआय ही संस्था छत्रपती संभाजीनगरात १९७७ पासून आहे. मुलींसाठीची नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. दोन्ही ठिकाणी प्रवेश परीक्षेतून होतो. त्यासाठी दहावीतच डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण तयारी अकरावी-बारावीत करून घेतली जाते आणि बारावी झाल्यावर माहिती काढायला गेलं तर गाडी सुटलेली असते. वय वाढलेल्या पदवीधरांसाठी हवाई दलाची एएफकॅट आहे, पण तिथेही बारावीचं फिजिक्स-मॅथ्स लागतंच.

एनडीएची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि तिचं एक केंद्र नागपुरात आहे. विदर्भातल्या मुलामुलींसाठी हेलिकॉप्टरच्या कॉकपिटचं सगळ्यात जवळचं दार सध्या तेच आहे.